यादीबाहेरची माणसं

राष्ट्रगीत सुरू झालं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पदक मिळवलेली खेळाडू ओठ घट्ट मिटून उभी असते, मागे झेंडा वर सरकत असतो, आणि जिला मी जन्मात भेटलेले नाही तिच्यासाठी माझे डोळे भरून येतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं राष्ट्रप्रेमाला नावं ठेवण्यासाठी लिहिलं आहे असा कुणाचा समज व्हायला नको. राष्ट्र वगैरे सगळं थोतांड आहे, असं एका फटक्यात म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. कोट्यवधी अनोळखी माणसांना एकमेकांसाठी कर भरायला लावणारी, एकमेकांच्या पुरात आणि भूकंपात धावून जायला लावणारी याहून मोठी गोष्ट माणसाला अजून सापडलेली नाही.

लोकशाहीसुद्धा राष्ट्राच्याच अंगाखांद्यावर वाढली. मत देणारे ‘आपण’ कोण, हे ठरल्याशिवाय मतपेटी मांडता येत नाही. हरलेल्या बाजूनं निकाल मुकाट्यानं मान्य करायचा तर जिंकलेलेही आपलेच आहेत, पुढच्या खेपेला आपलीही पाळी येईल, एवढा भरवसा लागतो. तो भरवसा राष्ट्रभावनेनं पुरवला. पण या ‘आपण’मधून कुणाला, केव्हा आणि कुठल्या कागदाच्या जोरावर बाहेर काढलं जातं, आणि बाहेर काढलेल्या माणसाचं माणूसपण मग कोण सांभाळतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं २६ ऑगस्ट १७८९ रोजी माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं पहिलं कलम सांगतं, माणसं जन्मतः स्वतंत्र असतात आणि त्यांचे हक्क समान असतात. तिसरं कलम सांगतं, सगळ्या सार्वभौम सत्तेचा उगम राष्ट्रात आहे. पहिल्या कलमातला माणूस कुठल्याच देशाचा नाही. तो नुसता माणूस आहे. तिसऱ्या कलमापर्यंत येईतो त्याला राष्ट्र लागतं. मधे फक्त एक कलम आहे, आणि सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जग त्या मधल्या जागेतच अडखळतं आहे असं मला वाटतं.

त्या वेळी फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत कॅरिबियन समुद्रात होती, सां-दोमांग. तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या लाखो गुलामांना पहिलं कलम लागू होतं का? पॅरिसनं या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केली आणि १८०२ मध्ये नेपोलियननं वसाहतींत ती परत आणायचा कायदा केला. शेवटी त्या माणसांनी लढून १ जानेवारी १८०४ रोजी हैती नावाचं स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. नुसती माणसं म्हणून हक्क मागितले तेव्हा ते टिकले नाहीत. राष्ट्र झाली तेव्हा कुठे बेडी कायमची तुटली. विसाव्या शतकात आशिया-आफ्रिकेतल्या किती तरी समाजांचा अनुभव हाच आहे. म्हणून राष्ट्रवाद आणि मानवी हक्क यांचं जन्मजात वैर आहे, हे मला पटत नाही. एकेकाळी ते एकाच बाजूनं लढले आहेत. वितुष्ट येतं ते बहुतेक वेळा विजयानंतर, नवं राष्ट्र आपल्या माणसांची यादी करायला बसतं तेव्हा.

या याद्यांच्या इतिहासात एक माणूस मला पुन्हा पुन्हा भेटतो. फ्रिट्जॉफ नान्सेन, नॉर्वेचे. आधी ध्रुवप्रदेशाचे संशोधक, मग राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त. १९२१ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत सरकारनं एक हुकूम काढला आणि क्रांतीनंतर देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व संपलं. माणसं पॅरिसमध्ये, बर्लिनमध्ये, इस्तंबूलमध्ये जिवंत होती, पण ती कुठल्याच सरकारची नव्हती. त्यांच्यासाठी नान्सेन यांनी १९२२ मध्ये एक प्रमाणपत्र सुरू करवलं. त्यावर पुढे नान्सेन यांचंच चित्र असलेलं तिकीट चिकटवलं जाऊ लागलं, आणि तिकिटाचे पैसे निर्वासितांच्या मदतीला जात. लोक त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पन्नासहून अधिक सरकारांनी तो मानला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनी तो वापरला होता. कुठलंही राष्ट्र पाठीशी नसलेल्या माणसाला सीमा ओलांडू देणारा तो कागद, माझ्या मते, विसाव्या शतकातल्या सर्वांत उदात्त शोधांपैकी एक आहे.

आणि याच नान्सेन यांनी, याच सुमाराला, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीची बाजू मांडली. ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये करार झाला. तुर्कस्तानातल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसमध्ये जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. अदलाबदल सक्तीची होती आणि परतीची वाट बंद. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्य टोकाला असलेल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. ख्रिश्चन बारा लाखांच्या आसपास, मुसलमान साडेतीन-चार लाख. यांतले पुष्कळजण युद्धाच्या धुमाळीत आधीच पळाले होते, त्यांच्या परतीवर करारानं शिक्का मारून कुलूप घातलं.

अनातोलियाच्या, म्हणजे आशियातल्या तुर्कस्तानच्या, आतल्या भागात कित्येक पिढ्या राहिलेले काही ख्रिश्चन होते. त्यांची घरातली भाषा तुर्की. ते तुर्की लिहीत, फक्त अक्षरं ग्रीक वापरीत. प्रार्थना, भांडणं, अंगाई, सगळं तुर्कीत. धर्माच्या रकान्यामुळे ते ‘ग्रीक’ ठरले आणि ज्या देशाची भाषा त्यांना कळत नव्हती तिथे ‘मायदेशी’ पोचवले गेले. उलट बाजूला क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत होते. त्यांना तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरवलं, तेव्हा शेजाऱ्यांना त्यांचं बोलणं परकं वाटलं. दोन्हीकडच्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. नान्सेन यांचा हेतू चांगला होता, आणखी कत्तली टळाव्यात एवढंच त्यांना हवं होतं, हे मी मनापासून मानते. तेव्हाच्या परिस्थितीत दुसरा मार्ग होता का, यावर जाणकार आजही भांडतात. माझं मन मात्र तिथे अडतं. राष्ट्र एकसारख्या माणसांचंच असायला हवं हे एकदा गृहीत धरलं, की दयाळू माणसाच्या हातूनही लाखो संसार उपटले जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगानं धडा घेतला असं आपण म्हणतो. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. ४८ देश बाजूनं, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. पहिल्या कलमात केवळ पुरुष न येता सगळा मनुष्यवर्ग यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला, याचा मला अभिमान वाटतो (हाही राष्ट्राभिमानच). हा जाहीरनामा थोर आहे, पण त्याचं तेरावं आणि पंधरावं कलम नीट वाचलं की पायाखाली पोकळी जाणवते. प्रत्येकाला कुठलाही देश सोडून जाण्याचा हक्क आहे, स्वतःच्या देशात परतण्याचाही आहे. दुसऱ्या देशात शिरण्याचा मात्र नाही. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. ते कुठल्या राष्ट्रानं द्यायचं हे लिहिलेलं नाही. हक्क माणसाचे आणि किल्ल्या सरकारांच्या हातात. जर्मनीत वाढलेल्या ज्यू विचारवंत हाना आरेंट यांनी ‘हक्क असण्याचा हक्क’ असं ज्याला म्हटलं तो हाच. नाझी जर्मनीनं नागरिकत्व काढून घेतल्यावर त्या स्वतः १९५१ पर्यंत कुठल्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. त्यामुळे त्यांचं हे म्हणणं मला कधी पुस्तकी वाटलं नाही.

हुकूमशाहीतल्या कहाण्या आपल्याला माहीत असतात आणि त्या वाचताना एक सोयीचं अंतर राखता येतं. मला झोप उडवणारी कहाणी लोकशाहीतली आहे.

युगोस्लाव्हिया फुटत होता. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. लोकसंख्या जेमतेम वीस लाख, देश युरोपकडे तोंड करून उभा, निवडणुका खुल्या. युगोस्लाव्हियाच्या इतर प्रजासत्ताकांतून आलेले बोस्नियन, सर्ब, क्रोएट, अल्बेनियन लोक तिथे वर्षानुवर्षं राहत होते. काही तर तिथेच जन्मलेले. त्यांना सांगितलं गेलं, सहा महिन्यांत अर्ज करा, नागरिक व्हा. बहुतेकांनी अर्ज केले आणि सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांना नागरिकत्व मिळालंही. उदारच धोरण म्हणायचं. काहींनी अर्ज केला नाही. कुणाला वाटलं आपण इथलेच, अर्ज कशाला. कुणाला जन्मगावाहून दाखला आणायचा होता आणि तिथे युद्ध पेटलेलं. कुणाचा अर्ज फेटाळला गेला.

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी सरकारनं कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून २५,६७१ नावं काढून टाकली. शंभर रहिवाशांमागे एकाहून अधिक. कुणालाही पत्र गेलं नाही. घरावर कुणी चालून आलं नाही, दार ठोठावलं नाही. माणसं आपापल्या कामानं कचेरीत गेली तेव्हा त्यांना कळलं. वाहन परवान्याचं नूतनीकरण, पत्त्यात बदल, बाळाची नोंद. खिडकीपलीकडच्या कारकुनानं ओळखपत्र मागितलं, आणि कित्येकांच्या डोळ्यांदेखत त्यात यंत्रानं भोक पाडून ते परत केलं किंवा ठेवूनच घेतलं. कागद गेला तशी नोकरी गेली, दवाखान्याचा विमा गेला, निवृत्तिवेतन अडलं. काहींना सीमेपार सोडण्यात आलं. स्लोव्हेनियात त्यांना ‘पुसलेले’ हेच नाव पडलं.

त्या खिडकीपलीकडच्या कारकुनाचा मी पुष्कळ विचार करते. तो क्रूर असेल असं मला वाटत नाही. त्याला वरून सूचना होती, हातात छिद्रयंत्र होतं आणि समोर रांग होती. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं नव्या देशाच्या बातम्या कौतुकानं पाहिल्या असतील. अन्याय करायला प्रत्येक वेळी द्वेष लागतोच असं नाही, हे मला सगळ्यात भीतिदायक वाटतं.

पुढे त्या देशाच्याच संवैधानिक न्यायालयानं १९९९ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं. संसदेनं चूक दुरुस्त करण्यासाठी कायदा आणला. मग विरोधकांनी तो जनतेपुढे नेला. ४ एप्रिल २००४ रोजी सार्वमत झालं. मतदान एकतीस टक्क्यांच्या आसपास, आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे पंचाण्णव टक्के लोकांनी पुसलेल्यांचे हक्क परत देण्याच्या विरोधात कौल दिला. प्रचारात त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं, भरपाईवर डोळा ठेवून बसलेले म्हटलं गेलं. ज्यांच्याविषयी हे मतदान होतं त्यांतल्या कितीतरी जणांना अर्थातच मत नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात स्लोव्हेनिया युरोपीय संघाचा सदस्य झाला.

हे सार्वमत म्हणजे लोकशाहीचा विपर्यास, असं म्हणून मला सुटता येत नाही. मतपेट्या खऱ्या होत्या. मोजणी खरी होती. लोकांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं. नागरिक कोण हे लोकांनी ठरवायचं म्हटलं, तर ते ठरवणारे लोक आधी कोणी ठरवले, हा पेच लोकशाहीला आतून सोडवता येत नाही. स्वित्झर्लंडच्या आपेनत्सेल इनररोडेन परगण्यात मतदार उघड्या चौकात जमून हात वर करून मत देतात. पुरुष आपल्या मताधिकाराची खूण म्हणून कमरेला तलवार लावून येत. स्त्रियांना परगण्यात मत द्यावं का, यावर अर्थातच फक्त पुरुष मत देत होते, आणि १९९० च्या एप्रिलमध्येही त्यांनी नकारच दिला. त्या नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या न्यायालयानं निकाल दिला तेव्हा स्त्रिया आत आल्या. चौकात हात वर करणारे ते पुरुष स्वतःला जगातल्या जुन्यातल्या जुन्या लोकशाहीचे वारसदार समजत होते, आणि तसे ते होतेही.

मग कुणी म्हणेल, नागरिकत्व एकदा पक्कं मिळालं की प्रश्न मिटला. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना विचारावं. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर, १९४२ पासून, सुमारे एक लाख वीस हजार जणांना काटेरी कुंपणाच्या छावण्यांत ठेवलं गेलं, आणि त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, पुरे नागरिक होते. १९४३ मध्ये छावण्यांत एक प्रश्नावली वाटली गेली. अठ्ठाविसावा प्रश्न असा होता की तुम्ही अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्याल का आणि जपानच्या सम्राटाची निष्ठा सोडाल का. आता घरातल्या आईवडिलांचं बघा. जपानहून आलेल्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची कायद्यात सोयच नव्हती. ‘हो’ लिहिलं तर होती ती एकमेव नागरिकता सोडल्यासारखं, म्हणजे कुणाचेच नाहीत. मुलांचं बघा. ती अमेरिकन. ‘हो, सोडतो’ म्हटलं तर आजवर सम्राटाशी निष्ठा होती हे कबूल केल्यासारखं. ‘नाही’ म्हटलं तर बेइमान. वडिलांसाठी प्रश्नाचा मजकूर पुढे बदलला, पण तोवर घराघरांत भांडणं लागून गेली होती. अशाच छावण्यांतून गेलेली काही मुलं युरोपात अमेरिकेच्या गणवेशात लढत होती आणि त्यांचे आईवडील कुंपणाआड होते. सर्वोच्च न्यायालयानं १९४४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. माफी आणि भरपाई १९८८ मध्ये आली.

म्हणजे न्यायालयांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. स्लोव्हेनियात न्यायालय माणसाच्या बाजूनं उभं राहिलं. डॉमिनिकन प्रजासत्ताकात २३ सप्टेंबर २०१३ रोजी संवैधानिक न्यायालयानंच पार १९२९ पर्यंत मागे जाऊन तिथे जन्मलेल्या हजारो लोकांचं नागरिकत्व संपवलं, कारण त्यांचे आईवडील रीतसर कागदांविना आलेले होते. ही माणसं बहुतांशी हैतीतून ऊसतोडीला आलेल्या मजुरांची मुलं-नातवंडं. ज्यांच्या पूर्वजांनी माणूस ठरण्यासाठी राष्ट्र उभं केलं होतं, त्यांच्या वंशजांना शेजारच्या राष्ट्रानं उसाच्या शेतातच अधांतरी सोडलं.

भारताच्या संविधानाकडे मी या सगळ्यानंतर वेगळ्या आदरानं पाहू लागले. एकोणिसाव्या अनुच्छेदातली भाषण-संचाराची स्वातंत्र्यं नागरिकांसाठी आहेत. पण कायद्यापुढची समानता सांगणारा चौदावा आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य राखणारा एकविसावा अनुच्छेद कोणत्याही व्यक्तीसाठी आहेत, मग तिच्याकडे कुठला कागद असो वा नसो. याच आधारावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा निर्वासितांच्या जिवाचं रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाचं रक्षण राज्यानं केलंच पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. तिथल्या मूळ रहिवाशांची आपण आपल्याच भूमीत अल्पसंख्य होऊ ही भीती खोटी नव्हती, आणि तिची टर उडवणं मला मान्य नाही. चकमांच्या नागरिकत्वाचा प्रश्न त्या निकालानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळला. पण मधल्या काळात त्यांना मारून हाकलता येणार नाही, एवढी रेघ आखली गेली. एवढी रेघसुद्धा लाखमोलाची असते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य आणि समतेइतकाच भर बंधुतेवर दिला होता. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, आपण राष्ट्र झालोच आहोत हा भ्रम आहे, असं त्यांनी नव्या राष्ट्राच्या तोंडावर सांगितलं, आणि बंधुता नसेल तर समता व स्वातंत्र्य रंगाच्या थराइतकीच वरवरची राहतील असा इशारा दिला. उद्देशिकेत ही बंधुता व्यक्तीची प्रतिष्ठा आधी सांगते आणि राष्ट्राची एकता नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. स्लोव्हेनियाच्या सार्वमतात निवडणूक आयोग, न्यायालय, संसद सगळं जागच्या जागी होतं. जे कमी पडलं ते हेच. उरलेल्या नव्व्याण्णवांतल्या पुरेशा लोकांना त्या एकासाठी घराबाहेर पडून मत द्यावंसं वाटलं नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१२ मध्ये अंतिम निकाल दिला, भरपाईचा कायदा झाला, आणि २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. तीस वर्षं लागली. तोवर पुसलेल्यांतले कितीतरी जण वारले होते.

मला हे राष्ट्राच्याच भाषेत मागायचं आहे, राष्ट्राबाहेर उभं राहून नाही. परक्यासाठी न्याय मागणं हे देशप्रेमाचंच काम आहे, कारण अन्याय माझ्या देशाच्या नावानं, माझ्या देशाच्या शिक्क्यानं होत असतो. म्हणून आता जगात कुठेही नागरिकत्वाचा नवा कायदा किंवा नवी यादी आली, की भाषणं बाजूला ठेवून मी त्यात काही मोजक्या गोष्टी शोधते. अर्जाची मुदत किती, आणि ती चुकली तर काय. कागद कोणी दाखवायचा, सरकारनं की माणसानं. नाव वगळल्याचं पत्र घरी येणार की कचेरीच्या खिडकीत कळणार. दाद मागायची तर ती कुणाकडे, आणि निकाल लागेपर्यंत पगार, औषधं, शाळा चालू राहणार का. आणि यादीतून गळलेल्या आईला उद्या मूल झालं तर ते कुणाचं. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी राज्यविहीनता कमी करण्याचा करार केला. एरवी कुठलंच राष्ट्रीयत्व मिळणार नाही अशा मुलाला जन्मभूमीच्या देशानं आपलं म्हणावं, असं तो करार सांगतो. भारतासह अनेक देशांनी त्यावर अजून सही केलेली नाही.